मुंबईत भाड्याने राहायचंय? आधी स्टेशन ठरवा, घर नंतर

नाशिक, लातूर, सातारा, अकोला, कुठूनही मुंबईत नोकरी लागली की पहिले काही दिवस मावशीकडे नाहीतर मित्राच्या रूमवर जातात आणि तेवढ्यात माणूस मोबाईलवर ऑफिसच्या आसपासची घरं बघायला लागतो. अंधेरीत वन बीएचके पस्तीस-चाळीस हजार, तेही जुन्या बिल्डिंगमधलं, हे बघून डोळे पांढरे होतात आणि मग थेट दुसऱ्या टोकाला उडी, बदलापूर नाहीतर विरार, कारण तिथे तेवढ्या पैशात तीन घरं येतात. सहा महिन्यांनी ट्रेनने जीव नकोसा झाला की परत शोधाशोध, परत ब्रोकरेज, परत टेम्पो. या दोन टोकांच्या मधे भरपूर जागा आहेत, फक्त त्या अॅपवर किंमतीचा फिल्टर लावून सापडत नाहीत.

आधी पैशाचं बोलू. हातात येणाऱ्या पगाराच्या तीस टक्के घरावर, हा हिशोब सगळीकडे सांगतात आणि ठीकच आहे तो, पण मुंबईत त्या तीस टक्क्यांत नुसतं भाडं धरायचं नाही, पास, रिक्षा आणि लाईट बिल पण धरायचं. चाळीस हजार हातात येत असतील तर सगळं मिळून बारा-तेरा हजार. एवढ्यात मुंबई महापालिकेच्या हद्दीत एकट्याने वन बीएचके घेणं विसरा, तिथे शेअरिंग, पीजी किंवा चाळीतली रूम एवढेच पर्याय. हद्दीच्या बाहेर मात्र दरवाजे उघडतात. आणि सुरुवातीला एकदम लागणारी रक्कम वेगळी काढून ठेवा. पंधरा हजार भाड्याचं घर असेल तर पन्नास ते पंचाहत्तर हजार डिपॉझिट, एक महिन्याचं ब्रोकरेज, पहिलं भाडं, अॅग्रीमेंटचा खर्च, टेम्पो, म्हणजे लाखभर रुपये पहिल्याच आठवड्यात जातात. ते नसतील तर दोन-तीन महिने पीजीत काढा, काही बिघडत नाही, उलट शहर कळतं.

ऑफिसचं स्टेशन म्हणजे नक्की कुठलं

हे नीट काढा, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे. ऑफिसच्या पत्त्यात लोअर परळ लिहिलंय म्हणून वेस्टर्न लाईनवरच घर बघायला पाहिजे असं काही नाही, सेंट्रलच्या करी रोडला उतरून माणसं रोज चालत जातात. बीकेसी, म्हणजे बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्स, असेल तर बांद्रा आणि कुर्ला दोन्हीकडून जाता येतं, पण दोन्हीकडे शेअर रिक्षाच्या आणि बसच्या रांगा बघून मग बोला, तो वेळ मॅप दाखवत नाही. सीप्झ, मरोळ, चकाला या अंधेरी पूर्वेच्या बाजूला ऑफिस असेल तर सेंट्रलवाल्यांना घाटकोपरला उतरून मेट्रो वन आहे, २०१४ पासून, त्यामुळे मुलुंडपासून कल्याणपर्यंतचा पट्टा तुम्हाला खुला होतो. पवई असेल तर कांजूरमार्ग. ऐरोली, रबाळे, महापे असेल तर ठाणे-वाशी-पनवेलची ट्रान्सहार्बर लोकल, आणि मग मुंबईत घर बघायचं कारणच नाही. फोर्ट, नरिमन पॉईंटवाल्यांना सीएसएमटी किंवा चर्चगेट, शिवाय मेट्रो तीन ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण धावतेय त्यामुळे ज्यांचं ऑफिस दोन्ही स्टेशनांपासून लांब पडायचं त्यांचं बरं झालंय, पण तिचं तिकीट लोकलसारखं नाही, रोजचं धरून बघा.

गाडी बदलावी लागणं हा खरा खर्च आहे. डोंबिवलीहून सीएसएमटी फास्टने साधारण सव्वा तास, हे सहन होतं. पण डोंबिवलीहून दादर, मग तो पूल, मग वेस्टर्नची गाडी पकडून गोरेगाव, हे रोज संध्याकाळी करून बघा. माझं मत विचाराल तर एक गाडी आणि एकदा बसलं की उतरेपर्यंत तेच, असा सव्वा तास हा दोन गाड्या बदलून केलेल्या पाऊण तासापेक्षा बरा. दोन बदल असतील तर तो एरिया यादीतून काढूनच टाका, भाडं कितीही कमी असो.

नवरा-बायको दोघं कमावते असतील आणि ऑफिसं वेगवेगळ्या लाईनवर असतील तर भांडणाला इथूनच सुरुवात होते. अशावेळी जिला किंवा ज्याला घरी यायला उशीर होतो त्याची लाईन धरा आणि दुसऱ्याला एकच बदल पडेल असं बघा. कळवा-ठाणे पट्टा, घाटकोपर-विक्रोळी पट्टा, सानपाडा-नेरूळ पट्टा यासाठी बरे पडतात, कारण तिथून दोन दिशांना जाता येतं.

स्वस्त पट्टा कुठे लपलेला असतो

स्टेशनची नावं काढली की आता त्या लाईनवर भाडं कुठे पडतं ते बघायचं, आणि याला काही ठरलेल्या जागा आहेत.

पहिली, महाग स्टेशनच्या पुढचं स्टेशन. ठाणे महाग आहे पण खाडी ओलांडली की कळवा, भाड्यात चांगलाच फरक. का, तर बहुतेक फास्ट कळव्याला थांबत नाहीत. मग कळवेकर काय करतात, ठाण्याला उतरतात आणि स्लो किंवा रिक्षा पकडतात. तुम्हाला तेवढं जमत असेल तर ती सूट तुमची. तसंच दहिसर सोडून मिरारोड, महापालिकेची हद्द संपली की भाडं खाली येतं, आणि भाईंदर अजून थोडं खाली, वर भाईंदरहून सुटणाऱ्या गाड्या आहेत. तिकडे ऐरोलीच्या आधी दिघा, जानेवारी २०२४ मध्ये तिथे दिघा गाव स्टेशन सुरू झालं, ऐरोलीत आयटीत काम करणाऱ्या पोरांनी त्या बाजूला जाऊन बघायला हरकत नाही.

दुसरी, त्याच स्टेशनची दुसरी बाजू. मुंबईत पूर्व आणि पश्चिम ही दोन वेगळी गावं असतात. कल्याण पश्चिम आणि कल्याण पूर्वेच्या कोळसेवाडीकडे भाड्यात फरक आहे, नालासोपारा पूर्व पश्चिमेपेक्षा स्वस्त, वसई पूर्व स्वस्त पण तिकडे स्टेशनजवळ वस्ती कमी आणि कारखाने जास्त. स्टेशनवरचा पूल ओलांडायला पाच मिनिटं लागतात आणि महिन्याला दोन-तीन हजार वाचू शकतात, पण दोन्ही बाजू स्वतः फिरून बघा, कारण दुसऱ्या बाजूला बाजार, दवाखाना, रिक्षा स्टँड हे सगळं कधीकधी नसतं.

तिसरी, म्हाडाच्या आणि सिडकोच्या जुन्या वसाहती. चारकोप, गोराई, मालवणी इथल्या बैठ्या नाहीतर एक-दोन मजले चढवलेल्या घरांत वरची खोली भाड्याने देतात, विक्रोळीचं कन्नमवार नगर आणि टागोर नगर तसंच. नवी मुंबईत सिडकोची छोटी घरं, कोपरखैरणे-घणसोलीची माथाडी कामगारांची घरं. घर लहान असतं पण स्टेशन, शाळा, भाजी मंडई सगळं जवळ. इथे एक नवीनच अडचण झालीय, रिडेव्हलपमेंट. एक बिल्डिंग खाली झाली की तिथल्या सगळ्या कुटुंबांना बिल्डर महिन्याचं भाडं देतो आणि त्या सगळ्यांना मुलांच्या शाळेसाठी त्याच एरियात घर पाहिजे असतं, त्यामुळे आसपासचं भाडं एकदम वर जातं. म्हणून ज्या गल्लीत तीन-चार बिल्डिंगांना पाडण्यासाठी पत्रे लागलेत तिथे भाव करायच्या भानगडीत पडू नका, दोन स्टेशनं पुढे जा. उलट बाजू अशी की जी बिल्डिंग वर्षभरात जाणार आहे तिच्यातलं घर कधीकधी कमी भाड्याला मिळतं. एकटा माणूस असाल, सामान दोन बॅगा, तर घ्या. कुटुंब असेल तर नको.

चौथी, नवी मुंबईतली गावठाणं. सेक्टरमधल्या सोसायटीत जे वन बीएचके वीस-बावीसला सांगतात त्याच्या पलीकडच्या गल्लीत, घणसोली गाव, तळवली, नेरूळ गाव, करावे, शिरवणे, जुईनगर, गावकऱ्यांनी आपल्या जागेवर बांधलेल्या तीन-चार मजली बिल्डिंगा असतात आणि तिथे भाडं बरंच कमी. पार्किंग नाही, गल्ली अरुंद, समोरच्या घरातला टीव्ही आपल्या घरात ऐकू येतो. पण मालक खाली राहतो, बॅचलर चालतात, मांसाहारी चालतात, कोणी सेक्रेटरी येऊन विचारत नाही रात्री अकराला कोण आलं होतं. पोर्टलवर यातलं फारसं काही दिसत नाही, तिथे जाऊन किराणा दुकानात विचारावं लागतं. यातली बरीच बांधकामं परवानगीशिवायची आहेत हे मात्र डोक्यात ठेवा, त्याबद्दल खाली लिहितो.

पाचवी, नवीन लाईन जिथे नुकतीच आलीय पण वस्ती अजून भरली नाही. उरणची लोकल जानेवारी २०२४ ला पूर्ण सुरू झाली, उलवे आणि द्रोणागिरीत रिकामे फ्लॅट भरपूर. बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली, त्यामुळे तळोज्याकडे राहणं आधीपेक्षा सोपं झालंय. इथे घर नवीन, लिफ्ट चकाचक, भाडं कमी. पण गाड्या किती मिनिटांनी आहेत ते टाईमटेबलमध्ये बघा, उरणची गाडी ठाण्याच्या गाडीसारखी दर चार मिनिटांनी नाही, एक चुकली की बसा. आणि नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय, त्यामुळे उलवे-पनवेलकडचे मालक भाडं वाढवायच्या मूडमध्ये आहेत, अॅग्रीमेंट करताना दोन वर्षांचं करून वाढ किती ते आत्ताच लिहून घ्या.

आता डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, वसई, विरार. मराठी माणसाचा हा हक्काचा पट्टा, भाडं परवडतं, पोळी-भाजी केंद्र आहे, गणपतीत बरं वाटतं. डोंबिवलीत स्टेशनजवळचं वन बीएचके साधारण बारा ते अठरा, बदलापूर-विरारला त्याहून खाली, घरावर आणि अंतरावर अवलंबून. पण कल्याणच्या पुढे कर्जतकडे जाणाऱ्या लोकलना स्वतःचे वेगळे रूळ नाहीत, त्याच दोन मार्गांवरून मेल-एक्सप्रेस पण जातात, एखादी गाडी रखडली की सगळंच रखडतं. विरारच्या पुढे डहाणूकडे तेच. म्हणून माझ्या हिशोबाने कल्याण आणि विरार ही रोज दक्षिण मुंबईला जाणाऱ्याची शेवटची हद्द, त्यापुढचं घर ज्याला आठवड्यात दोनच दिवस ऑफिसला जायचंय त्याने घ्यावं. बदलापूरकर मला शिव्या घालतील, घालू देत.

दिवा स्टेशनच्या एरियाबद्दल लोक विचारतात म्हणून लिहितो, भाडं खूप कमी आहे, पण पाण्याची बोंब आणि सकाळी गाडीत चढणं ही तिथली रोजची लढाई आहे. बघून ठरवा.

रिक्षाचा हिशोब

लोकलचा सेकंड क्लासचा पास अजूनही काही शे रुपयांतच आहे, फर्स्टचा त्याच्या कितीतरी पट, एसीचा अजून वर. म्हणजे लांब राहण्याने लोकलचा खर्च फारसा वाढत नाही, वाढतो तो स्टेशन ते घर हा. समजा स्टेशनपासून दहा मिनिटं चालत असलेलं घर सोळा हजार आणि चार किलोमीटर आतलं तेरा हजार. शेअर रिक्षा एका वेळेचे पंचवीस धरले, दोघं जण, जाऊन येऊन, महिन्याचे पंचवीस दिवस, झाले अडीच हजार. वाचले किती तर पाचशे. त्यात पावसात रिक्षा मिळत नाही, रात्री साडेदहानंतर शेअर बंद होऊन मीटर नाहीतर तोंडाला येईल तो भाव, आणि दोघांचा मिळून रोजचा तासभर जातो तो वेगळाच. मोठ्या टाऊनशिपा ज्या स्टेशनपासून लांब असतात, कल्याण-शीळ रोडवर किंवा घोडबंदर रोडवर, तिथे हाच घोळ होतो, घर बघताना स्विमिंग पूल आणि गार्डन दिसतं, रस्त्यावरचं ट्रॅफिक रविवारी दुपारी दिसत नाही. ज्याचं ऑफिस त्याच रस्त्यावर आहे किंवा कंपनीची बस येते त्याला चालेल.

एकट्याने राहणाऱ्या मुलींनी तर स्टेशनपासून चालत येणारं आणि वाटेत दुकानं उशिरापर्यंत उघडी असलेलं घरच बघावं, हजार-दोन हजार जास्त गेले तरी. त्यातल्या त्यात वाचवायचं तर वन बीएचके दोघी-तिघींत घ्या, पण स्टेशन सोडू नका.

एरिया बघायला कधी जायचं

रविवारी सकाळी अकरा वाजता एजंटबरोबर जाऊन घर बघणं म्हणजे लग्नाच्या फोटोवरून स्थळ पसंत करणं. एजंटला नंतर फोन करा, आधी एकटे जा, तेही कामाच्या दिवशी सकाळी सव्वाआठला आणि त्या प्लॅटफॉर्मवर उभे राहा. तुमच्या ऑफिसच्या वेळेची गाडी येऊ द्या, तुम्हाला चढता येतंय का ते बघा, ही परीक्षा पास झाली तरच बाकीचं. डोंबिवलीत लोक उलट कल्याणला जाऊन तीच गाडी पकडून बसून येतात हे तुम्हाला तिथे उभं राहिल्यावरच दिसेल. विरार फास्टला बोरिवलीला उतरायचं म्हटलं की काय ऐकावं लागतं तेही कळेल, म्हणून बोरिवली-दहिसरला राहणाऱ्याने बोरिवली गाड्याच धरायच्या. तिथून सुटणारी गाडी असलेलं स्टेशन मिळालं तर थोडं जास्त भाडं द्यायला माझी ना नाही, बसून जाणं आणि लटकून जाणं यात तब्येतीचा फरक पडतो. रविवारी ड्युटी असणाऱ्यांनी मेगाब्लॉकपण (रुळांच्या कामासाठी गाड्या बंद) लक्षात घ्या.

मग परत एकदा रात्री दहाला जा. स्टेशन ते घर चालत. लाईट आहेत का, कुत्री किती, बार किती, रिक्षावाले थांबतात का.

आणि विचारायचं कोणाला, तर ज्याला तुमच्याकडून ब्रोकरेज मिळणार नाही अशा माणसाला. इस्त्रीवाला, किराणावाला, पोळी-भाजीवाल्या मावशी, सोसायटीचा वॉचमन. "मावशी, इथे पाण्याचं कसं आहे हो?" एवढं विचारलं की पुढची दहा मिनिटं तुम्हाला तोंड उघडावं लागत नाही. भाड्याचा खरा आकडा पण त्यांच्याकडूनच कळतो, अॅपवर लिहिलेला आकडा हा मालकाची इच्छा असते, त्याच बिल्डिंगमधल्या भाडेकरूला विचारलंत तर तो किती देतो ते सांगतो, बहुतेक वेळा दीड-दोन हजारांनी कमी असतो. वॉचमनकडे रिकाम्या फ्लॅटची यादी पण असते, त्याला हजार-दोन हजार दिले तरी ब्रोकरेजपेक्षा स्वस्त.

पाणी, पूर, वास

पाण्याचा प्रश्न असा विचारायचा, "मे महिन्यात किती तास येतं?" पावसाळ्यात सगळीकडे पाणी येतं. टँकर लागत असेल तर पैसे मेंटेनन्समधून जातात की भाडेकरूकडून वेगळे घेतात ते विचारा. बाथरूममध्ये निळे ड्रम दिसले, जिन्यात प्लॅस्टिकच्या टाक्या दिसल्या की समजून जा. घोडबंदर रोड, दिवा, वसई-विरारचे काही भाग, तळोजा इथे हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पूर. बदलापूरला उल्हास नदी २००५ ला पण घुसली आणि जुलै २०१९ मध्ये तर महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणी-बदलापूरच्या मधे पाण्यात अडकली होती, प्रवाशांना बोटीतून काढावं लागलं. कल्याणला वालधुनीच्या काठाचा भाग, वसई-नालासोपाऱ्याचे सखल भाग, मुंबईत कुर्ला, सायन, मिलन सबवेचा परिसर, सगळ्यांना माहिती आहे. तळमजल्याचं घर स्वस्त का आहे हे विचारताना भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर रंग वेगळा आहे का ते बघा, शेजारच्या दुकानाचा ओटा किती उंच केलाय ते बघा, दुकानदाराने पाणी बघितल्याशिवाय ओटा वाढवलेला नसतो.

वास आणि धूर हे घर बघताना कळत नाही कारण वारा फिरतो. देवनार आणि कांजूरची डम्पिंग ग्राऊंडं, तळोजा एमआयडीसी, त्यांच्या आसपास भाडं कमी असण्याचं एक कारण तेच. डोंबिवलीच्या एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये कारखान्यांत मोठे स्फोट झाले, आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर असल्या ठिकाणापासून लांबच घर घ्या, डॉक्टरच्या बिलात वाचलेलं भाडं जातं.

बेकायदा बिल्डिंगचं काय करायचं

विकत घेणाऱ्याला जेवढी भीती तेवढी भाडेकरूला नाही, पण घर गेलं तर सामान रस्त्यावर तुमचंच येणार. कल्याण-डोंबिवलीत खोट्या कागदपत्रांवर रेरा नंबर (बिल्डरच्या प्रकल्पाची सरकारी नोंदणी) घेतलेल्या ६५ इमारती पाडायचे आदेश हायकोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिले. नालासोपाऱ्यात आरक्षित जागेवरच्या ४१ इमारती २०२४ च्या शेवटी आणि २०२५ च्या सुरुवातीला खरंच पाडल्या आणि त्यात राहणाऱ्यांत भाडेकरू पण होते. विरारला ऑगस्ट २०२५ मध्ये इमारतीचा भाग कोसळून माणसं गेली. तेव्हा भाडं फारच कमी वाटलं तर बिल्डिंगला ओसी (पालिकेचा राहायच्या परवानगीचा दाखला) आहे का, सोसायटी रजिस्टर झालीय का, महापालिकेची नोटीस आलीय का हे सरळ विचारा, पालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढतात त्यात नाव बघा, जिना आणि बीमचे तडे स्वतःच्या डोळ्याने बघा. गावठाणातलं घर घेणार असाल तर डिपॉझिट कमीत कमी ठेवा, एक-दोन महिन्यांच्या वर नाहीच, म्हणजे उद्या निघायची वेळ आली तर अडकणार नाही. एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनात मिळालेल्या, घरांवर ताबा मिळाल्यापासून काही वर्षं भाड्याने द्यायला बंदी असते, आणि पागडीची रूम (जुन्या भाडेकरूने एकरकमी पैसे देऊन घेतलेली) पोटभाड्याने घेतली तर मूळ मालक केव्हाही दारात उभा राहू शकतो, या दोन्हीत घासाघीस करण्यापेक्षा सोडून दिलेलं बरं.

अॅग्रीमेंट आणि डिपॉझिट

इथे एक गैरसमज सगळीकडे आहे, अकरा महिन्यांचं आहे म्हणजे रजिस्टर करायची गरज नाही, नोटरी चालेल. महाराष्ट्रात नाही चालत. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हेच भाड्याचं अॅग्रीमेंट, लेखी आणि रजिस्टर पाहिजेच, ती जबाबदारी मालकाची आहे आणि नाही केलं तर शिक्षा पण मालकालाच, आणि भांडण झालं तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं जोवर उलटं सिद्ध होत नाही. नोटरीवर भागवू म्हणणाऱ्या मालकाला हे गोड आवाजात सांगा. खर्चही फार नाही, स्टँप ड्युटी एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला दहा टक्के मानीव व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के, शहरात रजिस्ट्रेशन फी हजार रुपये, पंधरा हजार भाडं आणि पन्नास हजार डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांची स्टँप ड्युटी पाचशेच्या आतच. घरी येऊन अंगठा घेणारे एजंट आपली फी लावतात ती वेगळी, सगळं मिळून अर्धं-अर्धं करायचा रिवाज आहे. पोलीस व्हेरिफिकेशन ऑनलाईन होतं, ते टाळू नका.

सोसायटी एनओसी मागते, बॅचलर नको म्हणते, आडनाव विचारते, जेवणाचं विचारते. हे सगळं चुकीचं आहे आणि रोज घडतं. मराठी माणसाला "आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही" हे मराठी मुलखातच ऐकावं लागतं, मुसलमान आणि दलित पोरांना तर त्याहून वाईट ऐकावं लागतं. तुमच्याकडे वेळ आणि ताकद असेल तर भांडा, नसेल तर फोनवरच आधी विचारून घ्या म्हणजे सुट्टीचा दिवस फुकट जाणार नाही. भाड्याच्या फ्लॅटवर सोसायटी मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेते, तो सर्व्हिस चार्जच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही, मालक तुमच्या गळ्यात भलताच आकडा मारत असेल तर बिल दाखवा म्हणा.

हेवी डिपॉझिटचा प्रकार असतो, पाच-सात लाख द्या आणि भाडं नाही किंवा नाममात्र. ज्याच्याकडे गावची जमीन विकून पैसे आलेत त्याला हे मोहात पाडतं. मालकाने तेच घर बँकेकडे गहाण टाकलं असेल आणि हप्ते थकवले असतील तर बँक येते आणि तुम्ही रांगेत शेवटी. इंडेक्स टू (घर कोणाच्या नावावर रजिस्टर आहे तो उतारा), लाईट बिल, सोसायटीचं मेंटेनन्स बिल बघितल्याशिवाय आणि रजिस्टर अॅग्रीमेंटमध्ये पूर्ण रक्कम लिहिल्याशिवाय रुपया देऊ नका, आणि तो पण चेकने नाहीतर बँकेतून.

ऑनलाईन फसवणूक अजून तीच जुनी चाललीय, फोटो एकदम भारी, भाडं अर्धं, मालक सांगतो मी आर्मीत आहे, बदली झालीय, क्यूआर कोड पाठवतो, टोकन टाका, चावी वॉचमनकडे आहे. घर न बघता एक रुपया पाठवायचा नाही, एवढंच.

भाव करताना भाड्यावर अडून बसण्यापेक्षा कधीकधी बाकीचं मागितलं तर पटकन मिळतं, डिपॉझिट एक महिन्याने कमी, रंग मालकाने लावून द्यायचा, गीझर, खिडक्यांना जाळ्या, पहिले सात दिवस फुकट. मे-जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या धावपळीत मालक ऐकत नाहीत, ऐन पावसाळ्यात आणि दिवाळीनंतर रिकामं घर पडून असेल तर ऐकतात. ब्रोकर दर अकरा महिन्यांनी रिन्यूअलचं ब्रोकरेज मागतो, ते देणार नाही हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या, शक्यतो व्हॉट्सअॅपवर लिहून. लॉक-इन (किती महिने घर सोडता येणार नाही) किती, नोटीस किती, डिपॉझिट किती दिवसांत परत, रंगाचे पैसे कापणार का, हे चारही अॅग्रीमेंटमध्ये आलेच पाहिजेत. आणि चावी हातात आली की सामान आत न्यायच्या आधी मीटरचं रीडिंग, फुटलेल्या टाईल्स, गळणारे नळ, ओल आलेल्या भिंती यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवून ठेवा.